दावा लावा म्हणणं सोपं!

संपादक महोदय,

बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये पोलिसांच्या गोळीने मेला, त्या गोळीबारावरचा कालचा अग्रलेख वाचला. ‘नातेवाइकांनी सरळ दिवाणी दावा लावून भरपाई मागावी’ हा सल्ला फुकट मिळाला, त्याबद्दल आभार. आता तो लावायचा कसा, तेही एकदा छापा.

सरकारला प्रतिवादी केलं की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आधी द्यायची आली; मग दोन महिने थांबा. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ सांगतं, कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा दावा सहा महिन्यांत लागला पाहिजे. म्हणजे गोळी कर्तव्यावर असताना झाडली असं दाव्यात लिहिलं की मुदतीची हरकत. कर्तव्याशी संबंधच नव्हता असं लिहिलं, तर सरकारी वकील विचारणार, मग सरकारने पैसे का द्यायचे? आणि पुरावा कुणाकडे? पिस्तूल, रिकाम्या पुंगळ्या, स्टेशन डायरी, सगळं पोलिसांच्याच ताब्यात. गुन्हा मेलेल्याविरुद्धच नोंदवायचा, आरोपी मयत म्हणून अबेट समरी (प्रकरण बंद करण्याचा अहवाल) पाठवायची, की नकला मिळवतानाच घरच्यांची दमछाक.

म्हणून लोक दाव्याऐवजी थेट उच्च न्यायालयात रिट (मूलभूत हक्कांसाठीची याचिका) करतात. तिथे ‘स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली’ असं प्रतिज्ञापत्र आलं की हा वस्तुस्थितीचा वाद, दिवाणी न्यायालयात जा, असं ऐकावं लागतं. तोवर सहा महिने केव्हाच सरलेले!

दिल्लीचं कॅनॉट प्लेस विसरलात वाटतं. ३१ मार्च १९९७. गुंड समजून मारुती एस्टीममधल्या तिघांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दोन व्यापारी ठार, तिसरा जखमी. बचाव ठरलेलाच: आधी गाडीतून गोळीबार झाला. गाडीत ७.६५ मिमीचं पिस्तूलही ‘सापडलं’. ते मागाहून ठेवलेलं निघालं. तपास सीबीआयकडे, पोलिसांना शिक्षा झालेली, तरी सर्वोच्च न्यायालयाचा शिक्कामोर्तब व्हायला मे २०११ उजाडला. वाचलेल्या माणसाला दिल्ली उच्च न्यायालयाने १५ लाख दिले तेही २०११ मध्येच, आणि तेही रिटमध्ये. तुमच्या अग्रलेखात या खटल्याला एक ओळसुद्धा नाही.

जाता जाता, अग्रलेखाशेजारी रिव्हॉल्व्हरचं चित्र कशासाठी? मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणात विचारलं होतं ते पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढण्याबद्दल. नवख्याला, तेही झटापटीत, ते जमेल का? रिव्हॉल्व्हरला स्लाइड नसते. चित्र निवडणाऱ्यांना कळवा.

– एक वाचक, ठाणे