विषय : टेनिस, फ्रेंच आणि चित्रकलेच्या एकत्रित पॅकेजमधील फसवणूक व उर्वरित फी परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,

तुमच्या ग्राहक सेवेशी बोलून आत्ताच फोन ठेवला. खरं तर तो पलीकडूनच कट झाला, आणि लगेच मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.' समाधान नक्की कुणाचं झालं तेवढं कळवा. फोनवर सांगून उपयोग नाही हे कळलंय, म्हणून लेखी देते आहे.

पॅकेजमध्ये काय काय आहे ते तुम्हाला सांगायला नको, तुमचंच आहे. 'प्राथमिकच्या मुलांसाठी, प्रत्येक विषयाला तज्ज्ञ प्रशिक्षक' हे वाक्यही तुमचंच. फी भरली ती या तज्ज्ञ शब्दासाठी. नुसतं मुलांना गुंतवून ठेवायचं असतं तर मैदान फुकट आहे.

टेनिसपासून सुरुवात करते. मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या हातात सत्तावीस इंची, म्हणजे मोठ्यांची रॅकेट. समोर पूर्ण कोर्ट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २३.७७ मीटर. आणि चेंडू नेहमीचा पिवळा. तो टप्पा घेऊन तिच्या डोक्यावरून जातो. जो जात नाही तो ती खांद्याच्या वर हात नेऊन, मनगट पार उलटं वळवून कसाबसा अडवते. रात्री मनगट दुखतं म्हणते. तिची पकड बिघडते आहे, आणि एकदा बसलेली चुकीची पकड सोडवणं किती जड जातं हे तुमच्या प्रशिक्षकाला माहीत असायला हवं. तो 'तज्ज्ञ' आहे ना?

या वयासाठी लाल चेंडू असतो. नेहमीच्या चेंडूपेक्षा तो सुमारे ७५ टक्के संथ असतो आणि टप्पा बुटका घेतो. त्याच्यासोबत साधारण ११ मीटरचं छोटं कोर्ट आणि छोटी रॅकेट. मग नारिंगी, मग हिरवा, आणि शेवटी पिवळा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा चेंडू नियमानेच बंद केला आहे. 'आंतरराष्ट्रीय निकषांनुसार' हे तुमच्या माहितीपत्रकात दोनदा छापलं आहे, म्हणून आठवण करून दिली.

हेच मी आज तुमच्या प्रतिनिधीला सांगत होते. पुढचं संभाषण जसंच्या तसं देते, कारण तुमच्याकडे कॉल 'प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड' होतो असं दर वेळी ऐकवलं जातं. एकदा तरी ऐकाच.

"मॅडम, टेनिसचा चेंडू पिवळाच असतो ना."

मी लाल चेंडूबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला रंग बदलून हवाय?"

रंगाचा प्रश्न नाही, चेंडू वेगळा असतो, असं म्हटलं. त्यावर थोडी शांतता, मागे कुणाशी तरी कुजबुज, आणि मग :

"मॅडम, बाकीच्या पालकांची काही तक्रार नाही. तुमची मुलगी जरा नाजूक आहे का? आम्ही तिला बेबी बॅचला टाकू शकतो."

बेबी बॅच! म्हणजे तुम्ही सामान चुकीचं द्यायचं आणि नाजूक मात्र माझी मुलगी. वर विचारतो, "तुम्ही स्वतः टेनिस खेळलायत का?" नाही खेळले. म्हणूनच तुम्हाला पैसे दिले! खेळता येत असतं तर मीच शिकवलं असतं की. मी वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हटलं, तर होल्डवर टाकलं. होल्डवर तुमचीच जाहिरात वाजते, 'प्रत्येक मूल वेगळं, प्रत्येकाची गती वेगळी.' ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला चालीसकट पाठ झाली आहे. वरिष्ठ आले नाहीत. मेसेज आला. तोच, समाधानाचा.

चित्रकलेचं थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण प्रगतिपुस्तक समोर आहे. त्यात लिहिलंय, 'परस्पेक्टिव्ह : कमकुवत. सुधारणा आवश्यक.' परस्पेक्टिव्ह, म्हणजे कागदावर जवळचं-दूरचं अंतर दाखवणं, आणि तेही सात वर्षांच्या मुलीचं! तिने एक रस्ता काढला होता. खाली जमिनीची रेघ, कागदाच्या वरच्या कडेला आभाळाची निळी पट्टी, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं बाहेर आडवी पडलेली. या वयाची मुलं असंच काढतात. लहान मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या कुणालाही हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तुमच्या सरांनी ती झाडं खोडून उभी केली, रस्ता दूरवर एका बिंदूत नेऊन मिळवला आणि खाली 'छान' लिहून तिची सही घेतली. खोडलेल्या झाडांचे खळगे कागदावर अजून बोटाला लागतात. त्या बॅचच्या सगळ्या मुलांनी घरी हाच रस्ता नेला आहे, एकमेकांची फोटोकॉपी असावी तसा. आता ती कागद घेऊन येते आणि म्हणते, "तू काढून दे, माझं चुकतं." हे तिला तुमच्याकडे यायच्या आधी येत नव्हतं. एवढं मात्र तुम्ही शिकवलंत.

आणि हे चित्रकलेचे सर कोण? ट्रॅकसूटमधले टेनिसचेच! चित्रकलेच्या बाई सोडून गेल्यापासून तेच दोन्ही वर्ग घेतात. पालकांना कळवायची कुणाला गरज वाटली नाही.

फ्रेंचबद्दल एवढंच, की पहिल्या सत्राच्या शेवटी तुम्ही सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र दिलंत, त्यावर 'बी-१ पातळी पूर्ण' असं आहे. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भाषा किती येते त्याच्या पातळ्या ठरवणाऱ्या चौकटीत बी-१ म्हणजे स्वतंत्रपणे भाषा वापरू शकणारा माणूस. लहान मुलांसाठी फ्रेंचची जी डेल्फ प्रीम परीक्षा आहे ती ए-२ वरच, म्हणजे बी-१च्या एक पायरी खालीच संपते. बी-१ तिच्यात नाहीच. माझी मुलगी एकपासून दहापर्यंत आकडे म्हणते, रंग सांगते आणि सातनंतर अडखळते. ते पुरेसं आहे, मला त्यात आनंद होता. मग खोटं छापून कशाला दिलंत? ते प्रमाणपत्र भिंतीवर लावायची आता तिलाच लाज वाटते, कारण तिच्या मावशीने तिच्याशी फ्रेंचमध्ये चार वाक्यं बोलून पाहिली.

तुमच्या सुरुवातीच्या काळात मीच माझ्या मैत्रिणींना तुमचं नाव सुचवलं होतं. तेव्हा वर्ग लहान होते, बाई मुलांना नावानं ओळखायच्या आणि कोर्टवर खरोखर लाल चेंडू असायचे. मी स्वतः पाहिले आहेत. ते कुठे गेले?

आता मागणी. उरलेल्या सत्राची पूर्ण फी परत हवी. 'क्रेडिट', 'पुढच्या बॅचमध्ये समायोजन' किंवा मोफत कार्यशाळा नको. मनगटाबद्दल डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी सोबत जोडली आहे. ती बारीक अक्षरातल्या 'वैद्यकीय कारण वगळता परतावा नाही' या तुमच्याच अटीत बसते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर हे पत्र, ते चित्र आणि ते बी-१चं प्रमाणपत्र घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. तिथे प्रमाणपत्राची फार मदत होईल असं वाटतं.

आणि कृपा करून 'भावंडाला प्रवेश घ्या, सवलत मिळवा' हे रोजचे मेसेज थांबवा. तिला भावंड नाही. फॉर्ममध्ये तो रकाना आम्ही भरला होता.

एक पालक
(नोंदणी क्रमांक तुमच्याकडे आहेच, दर फोनला विचारता.)