आवाज गेला, झोपही गेली

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझी शुगर काठावर, हिचे गुडघे तसेच, पाऊस बरा. झालं तब्येतीचं. फोनवर सांगता आलं असतं, पण तू मधेच ‘अरे, एक मिनिट’ म्हणून पळतोस आणि परत येतोस तेव्हा मी काय सांगत होतो ते तुला आठवत नाही आणि मलाही. शिवाय या विषयावर घरात मोठ्याने बोलायची सोय उरलेली नाही. माझ्या तोंडून ‘ब्रेक’ निघालं की ही टीव्हीचा आवाज वाढवते.

तर, वॅगनआरचे ब्रेक मी घरी केले. हसून घे.

जूनपासून पुढचं डावं चाक ओरडत होतं. जोरात ब्रेक मारला की गप्प, पण पोवई नाक्याच्या गर्दीत हळूहळू पाय ठेवत गेलं की असं किंचाळायचं की पुढचा रिक्षावाला मागे वळून बघायचा. आधी म्हटलं पावसाचं असेल. रात्रभर गाडी पावसात उभी राहिली की चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकतीवर, म्हणजे डिस्कवर, तांबूस गंज धरतो, सकाळी दोन-चार ब्रेक मारले की घासून जातो. तुला आठवतं ना, डॉक्टरांची मारुती गॅरेजात पहिल्यांदा आली तेव्हा अण्णा चाक काढून नुसते बघत बसले होते? जन्म सगळा फियाट आणि अँबेसेडरच्या बंद डब्यासारख्या ब्रेक-ड्रममध्ये गेलेला. ‘आरं, ह्ये तर उघडंच ठेवलंय की! पाऊस लागंल त्याला.’ लागतोच की. पण हा आवाज दुपारी उन्हातसुद्धा जाईना.

मग हिच्या आग्रहाखातर हायवेकडच्या एका चकचकीत ठिकाणी नेली. नाव लिहीत नाही, तू तिथे फोन करून भांडशील. इन केलेला शर्ट, हातात टॅब, पोरगा माझ्या मनवापेक्षा लहान. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि यादी काढली: दोन्ही डिस्क, पुढचे पॅड, मागचे लायनर, ड्रमला लेथ, वर ‘ब्रेक केअर’ नावाचं काहीतरी. एकही चाक काढलं नाही रे! मी विचारलं, डिस्कची जाडी किती राहिलीय? म्हणाला, ‘सर, इट्स रेकमेंडेड.’ मी चावी घेतली आणि घरी आलो. अण्णांच्या गॅरेजात उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवलेल्या माणसाने आणखी काय करायचं?

मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक, जॅकच्या जोडीला स्टँड (हो, स्टँड, तुझं ते विटांवर गाडी ठेवायचं शास्त्र तुझ्यापाशीच राहू दे), चाक काढलं. कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला दोन पॅडांच्या चिमटीत धरणाऱ्या भागाचा, खालचा बोल्ट सोडून कॅलिपर वर उचलला. आतला पॅड बाहेरच्याच्या निम्मा झालेला! बघितल्याबरोबर अण्णा कानात बोलले, ‘पिन झोपलीया.’ झोपलीच होती. आतल्या पॅडला पिस्टन ढकलतो, पण बाहेरच्याला ओढून आणायला अख्खा कॅलिपर पिनांवर सरकावा लागतो. पिन जाम, की सगळा भार आतल्या पॅडवर. ओढून निघेना म्हणून फिरवत फिरवत काढली. पिनेवरच्या रबरी टोपणाला, म्हणजे बूटाला, नखाएवढी चीर, तिथून पाणी आत गेलेलं, आणि ग्रीस काकवीच्या भांड्याच्या तळाला बसतं तसं घट्ट धरलेलं. पॅडचा चेहरा घासून काचेगत गुळगुळीत झालेला. आणि कळस म्हणजे पॅडच्या पाठीची पत्र्याची शिम गायब. मागच्या वेळी पॅड बदलणाऱ्याने जुन्या पॅडबरोबर भंगारात घातली असणार. गाडी तरी चालते, ब्रेक तरी लागतो, मग शिम कशाला, असा हिशेब. किंचाळणार नाही तर काय करेल बिचारं चाक?

तुला माझं मास्तरपण आवडत नाही, तरी दोन ओळी ऐक. पॅड डिस्कला धरतो, सोडतो, धरतो, सोडतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या थरथरीत अख्खी डिस्क बोलायला लागते. हलक्या पायाला जास्त बोलते, कारण तेव्हा पकड धड घट्ट नसते न् धड सुटलेलीही नसते. शिम आणि ग्रीस ती थरथर पिऊन टाकतात. हा रोग डिस्क ब्रेकच्या जन्मापासूनचा. लँचेस्टर नावाच्या इंग्रजाने १९०२ साली पेटंट घेतलं, त्याचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काय झालं असेल, कल्पना कर. पुढे त्यावर ॲस्बेस्टॉसचं अस्तर आलं तेव्हा कुठे कान वाचले.

ॲस्बेस्टॉस लिहिलं आणि हात थांबला बघ. मागचे ड्रम उघडले तेव्हा आत काळी धूळ साचलेली. आपण काय करायचो? कॉम्प्रेसरचा पाइप आत घालायचा, फुस्स, आणि ढगातून बाहेर येऊन एकमेकांच्या पांढऱ्या भुवयांना हसायचं. अण्णा तर दिवसातून कितीदा तरी. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, हे आपल्याला कोण सांगणार होतं? अण्णांचा खोकला विडीचा होता की त्या धुळीचा, देव जाणे. काकू विडीलाच शिव्या देत राहिल्या. मी या वेळी तोंडाला फडकं बांधून, ब्रेक क्लीनर मारून, ओल्या चिंधीने पुसून घेतलं. लायनर चांगले होते, तसेच ठेवले. असो.

डिस्क मात्र मोजली. निरोपसमारंभात हेडसरांना म्हटलं होतं, शाल-श्रीफळ ठेवा, प्रयोगशाळेतला जाडी मोजायचा तो जुना व्हर्नियर द्या. लोक हसले, पण दिला! डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. गंज खरवडून वाचला. माझी त्याच्या चांगली वर निघाली. म्हणजे दोन्ही डिस्क नव्या घालायचं काही कारणच नव्हतं. ‘रेकमेंडेड’ म्हणे.

पॅडचा सेट ओरिजिनल आणला, दोन्ही बाजूंचा, शिमा आणि क्लिपांसकट. पिनांना आणि बूटांना नवं किट. दुकानदार साधं पिवळं ग्रीस गळ्यात मारत होता, ‘सर, सगळे हेच लावतात.’ सगळे लावतात म्हणूनच सगळ्यांचे बूट फुगतात! साधं ग्रीस रबराला खातं, सिलिकॉनचंच हवं, एवढं सांगायला माझी दुपार गेली. मग टाकीचं झाकण उघडून थोडं ब्रेक ऑइल सिरिंजने काढून घेतलं आणि जी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत दाबला. रंगावर एक थेंब सांडू दिला नाही. पिना नव्या ग्रीसमध्ये घातल्या तेव्हा बोटाने ढकललं की आत आणि सोडलं की आतल्या हवेने थोड्या बाहेर. तू असतास तर उगाच तेच करत बसला असतास.

आणि हो, गाडी हलवायच्या आधी पेडल मारलं. पिस्टन आत दाबल्यावर पहिल्यांदा पाय थेट तळाला जातो, तीन-चारदा मारल्यावर पेडल कडक येतं. हे मी का सांगतोय ते तुला बरोबर कळलंय. पेरूचं झाड! बाळ्या, डॉक्टरांची मारुती मागे घेताना स्टीअरिंगवर तू होतास. पेडल न मारता रिव्हर्स टाकणारा तू. झाडाला ठोकणारा तू. आणि कानाखाली कुणी खाल्ली? मी. कारण अण्णा बाहेर आले तेव्हा तू पेरू वेचत होतास. गेली इतकी वर्षं तू वहिनींना उलटी गोष्ट सांगत आलायस, मला मनवाकडून कळलं. या जन्मात हा निकाल लागायचा नाही, पण माझं म्हणणं लेखी असू दे.

पहाटे कोरेगाव रस्त्याला जाऊन नवे पॅड बसवून घेतले. साठचा वेग, ब्रेक दाबत दहा-पंधरावर आणायचा, पण उभं राहायचं नाही, पुन्हा साठ. असं आठ-दहा वेळा, मग थंड व्हायला सावकाश चालवत यायचं. थोडा जळका वास आला, येतोच. यवतेश्वरचा उतार करून बघायचा होता, पण कासला फुलं बघायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी तो घाट भरलाय. आवाज शून्य. हिला मुद्दाम नाक्यावर फिरवून आणलं. म्हणाली, ‘आता तुमचा तेवढा राहिलाय.’

इथवर छान. आता खरं दुखणं.

मनवाला पुण्यात नोकरी लागली (फोनवर बोललो होतो) आणि येत्या रविवारी ती ही गाडी घेऊन जाणार. एकटी. लायसन्स आहे, चालवते चांगली, माझ्यापेक्षा बरी चालवते असं तिची आई म्हणते. पण साताऱ्याहून पुण्याला जाताना रस्ता कसा आहे ते तुला माहीत आहे. खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच उतार आणि ते एस वळण. पुढे कात्रजचा नवा बोगदा, आणि तिथून नवले पुलापर्यंत नुसता घसरगुंडीचा रस्ता. मागून डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले ट्रक. त्यांचे ब्रेक तापून हातचे गेले की काय होतं ते पेपरात येतच असतं. त्या उतारावर माझी पोर, आणि तिच्या पायाखाली मी केलेले ब्रेक.

बाळ्या, काम चोख झालंय. मला माहीत आहे. ओरडत होती तोपर्यंत मी रात्री घोरत होतो, आणि आता सगळं नीट झाल्यावर दोन वाजता जागा होऊन बोल्ट मोजतोय. डावा खालचा आवळला, डावा वरचा आवळला, उजवा खालचा... उजवा खालचा आवळताना शेजारचे जोशी बोलायला आले होते. आवळलाय. पण जोशी आले होते ना!

शेवटी मनवाची नेलपॉलिश घेतली. लाल. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कॅलिपरपर्यंत एक रेघ ओढून ठेवली, बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडणार. आता रोज सकाळी दूध आणायला जाताना गाडीशी वाकून, चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून रेघा बघतो. जोशींना वाटतं माझी किल्ली पडलीय. रेघा जागच्या जागी आहेत. मनवा दोन दिवस बाटली शोधत होती, काल बोनेटवर सापडली तिला. काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

ही म्हणते, एवढीच धास्ती आहे तर एखाद्या गॅरेजला दाखवून घ्या. कुणाला दाखवू? चाक न काढता यादी करणाऱ्याला? अण्णा असते तर प्रश्न नव्हता. पॅडवर बोट फिरवून, डिस्कला नख लावून, गाडी एकदा बोळातून फिरवून आणली असती आणि ‘जाऊ दे पोरीला’ म्हणाले असते, की मी चादर ओढून झोपलो असतो. मी बरोबर येतो म्हटलं तर मनवा म्हणते, ‘बाबा, तुम्ही शेजारी बसून पायाने मॅट दाबता, मला टेन्शन येतं.’ दाबतो, खरं आहे.

तेव्हा तुझ्याकडे एक काम आहे. शनिवारी रात्री तिला फोन कर. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, आधीच गिअर खाली घ्यायचा, तिसऱ्यात गाडी इंजिनवर उतरू द्यायची, ब्रेक लागेल तेव्हा मारायचा आणि सोडायचा, एवढं सांग. मी सांगितलं की ‘हो बाबा’ होतं. बाळूकाका मोठा मेकॅनिक अशी तिची समजूत आहे. बँकेत शिक्के मारण्यात जन्म गेला हे मी तिला सांगितलेलं नाही. आणि मलाही सांग, मागची व्हील सिलिंडरची रबरं आत्ताच बदलू का? गळत नाहीत, पण जुनी आहेत.

तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिरंजीवांचं ठरलं की अजून ‘बघू’च? इंदूरचे पोहे खाऊन पोट किती पुढे आलंय त्याचा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, पेरूच्या झाडाची खरी हकीकत त्यांनी या पत्रातून वाचावी. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे ते कळव, मी येईन.

तुझा,
दिल्या

ता. क. अण्णांची ड्रमच्या स्प्रिंगा काढायची ती वाकडी पक्कड तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, माळ्यावरच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत बघ. दिवाळीला येताना घेऊन ये. या वेळी स्प्रिंगा स्क्रू ड्रायव्हरने काढल्या, एक उडून जोशींच्या कुंडीत गेली.