मेंदूतली गाठ मांसातून येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूतल्या पट्टकृमींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ले की कृमी मेंदूत जातो’ हे त्यातले वाक्य सगळीकडे ऐकू येते आणि ते चूक आहे. अशा मांसातून पोटात गेलेली टीनिया सोलियमची (डुकरातून येणाऱ्या पट्टकृमीची) पुटी, म्हणजे अळीची पिशवी, आतड्यातच वाढते. कृमी दोन-चार मीटरचा होतो, तरी त्या माणसाला बऱ्याचदा पत्ता नसतो. मेंदूत गाठी होतात त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. न धुतलेल्या हातांवरून, पाण्यातून, कच्च्या भाजीवरून. १९९२ साली न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू समाजात असे चार रुग्ण नोंदले गेले. डुकराचे मांस त्यांना निषिद्ध! संसर्ग बहुधा घरकाम करणाऱ्यांकडून आला होता.

माझी नोकरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेली. हे अंडे गोल, तपकिरी, जाड कवचावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा आणि आत सहा बारीक हुक. देखणेच म्हणायचे! पण गोमांसातून येणाऱ्या टीनिया सॅजिनाटाचे अंडेही हुबेहूब असेच, आणि तो मेंदूच्या वाटेला जात नाही. म्हणून अहवालात आम्ही नुसते ‘टीनिया’ लिहायचो.

लेखात उदाहरण म्हणून दिलेला, ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंच्या मेंदूतून काढलेला आठ सेंटिमीटरचा कृमी तर पट्टकृमी नव्हताच. तो अजगराच्या पोटात राहणारा गोलकृमी. उदाहरण हवेच होते तर स्पायरोमेट्रा या पट्टकृमीचे द्यायचे. ब्रिटनमधल्या एका रुग्णाच्या मेंदूत हा जेमतेम सेंटिमीटरभर जीव चार वर्षांत पाच सेंटिमीटर सरकला होता.

आणखी एक. सोलियमची जिवंत गाठ, म्हणजे आतली अळी जिवंत असलेली, वर्षानुवर्षे गप्प बसू शकते. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि झटके सुरू होतात. म्हणून ‘कृमीचे औषध घेऊन टाका’ हा लेखातला सल्ला मला धोक्याचा वाटतो. डोक्यात गाठी असतील तर डॉक्टर आधी स्कॅन पाहतात, सूज आवरायला सोबत स्टिरॉइड देतात.

रुग्णाच्या डोक्याचे स्कॅन होते, पण ज्याच्या आतड्यात कृमी आहे तो कदाचित त्याच घरात रोज सगळ्यांना जेवायला वाढत असतो. घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी करून घ्या, एवढी एक ओळ लेखात हवी होती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ