‘बाकारा, १८४८’ म्हणून विकलेल्या पेपरवेटबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून काचेचा एक जुना पेपरवेट मागवला. वर्णनात ‘बाकारा, फ्रान्स, १८४८, मिलेफिओरी’ असे होते, म्हणजे बाकारा या फ्रेंच काच कारखान्याचा, आत काचेच्या रंगीत फुलांची नक्षी असलेला. किंमत ४२,००० रुपये. एवढ्यात खरा मिळेल का, ही शंका तेव्हाच आली होती. पण मोह झाला, हे कबूल करते.

पहिल्यांदा खटकला तो तळ. वर्षानुवर्षे टेबलावर सरकलेल्या काचेला ओरखडे वेडेवाकडे, सगळ्या दिशांनी पडतात. इथे सगळे एकाच दिशेचे, पॉलिश पेपरने घासावेत तसे. भिंगातून पाहिले तर फुलांच्या कडा पसरलेल्या आणि रंग एकमेकांत उतरलेले.

यावर आपल्या माणसाचे फोनवर उत्तर : “मॅडम, आत १८४८ लिहिलंय ना!” अहो, नकला करणाऱ्यांचा तोच तर लाडका आकडा! बाकाराने १८४६ ते १८४९ हे सन दाखवणाऱ्या काचेच्या बारीक कांड्या नक्षीत बसवल्या, त्यात १८४८ सर्वाधिक सापडतो. म्हणून पुढे इंग्लंडमधल्या कारागिरांनीही तोच उचलला. बाकाराच्या सनाबरोबर बहुधा ‘बी’ हे अक्षर असते. माझ्या पेपरवेटमध्ये ते शोधूनही सापडले नाही.

शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पेपरवेट भरला ४८० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचे पातेले ठेवून तो दोऱ्याने टांगून तळाला न टेकवता बुडवला, तर काटा १९२ ग्रॅमने वाढला. ते त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. म्हणजे घनता ४८० भागिले १९२, २.५, साध्या काचेची. बाकाराची काच शिशाची, तिची घनता ३ च्या वर. तसे असते तर काटा १६० च्या पुढे गेला नसता. हे मी दोनदा करून पाहिले, फोटो सोबत आहेत.

वस्तू दिसायला छान आहे. ‘जुन्या फ्रेंच धर्तीचा’ म्हणून हजार रुपयांना विकली असती तर आनंदाने घेतली असती. पण तुम्ही नाव बाकाराचे लावलेत आणि परतीची विनंती ‘काचेच्या वस्तू परत घेत नाही’ म्हणून फेटाळलीत.

पूर्ण रक्कम परत करावी, पेपरवेट आपल्या खर्चाने न्यावा आणि संकेतस्थळावरचे वर्णन दुरुस्त करावे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पेपरवेट तोवर खोक्यातच ठेवला आहे.

आपली ग्राहक,
पुणे