‘आळशी’ म्हणण्याआधी वही पाहा

महोदय,

तिसरी-चौथीचे मूल तोंडी उत्तर फटाफट देते आणि वहीत दोनच ओळी लिहिते, तेव्हा ‘लक्ष नाही’ हा शेरा हमखास मिळतो. पण त्यामागे अध्ययन अक्षमता, म्हणजे समज असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण, असू शकते. आधी नजर आणि श्रवण तपासून घ्यावे. मग न पाहिलेला उतारा वाचायला द्यावा. पाठ्यपुस्तकातला नको, तो ऐकून पाठ झालेला असतो. ‘टमुक’, ‘गोळिप’ असे निरर्थक शब्दही द्यावेत. पाठांतरावर तरलेले मूल इथे अडते, कारण अक्षर आणि ध्वनी यांची जोडी त्याला जुळवता येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ तर मोठ्यांचेही चुकते! पण घ-ध, भ-म यांची अदलाबदल, गळणारा रफार, फुटणारी जोडाक्षरे महिनोन्‌महिने टिकली तर सावध व्हावे. फळ्यावरून उतरवलेली सुबक वही मात्र फसवी असते, श्रुतलेखनाची पाहावी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. या अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठीची प्राथमिक तपासणी साधारण आठव्या वर्षी होते. मदतीला तोवर थांबायचे कारण नाही. रोज १५-२० मिनिटे ध्वनी सुटे करून जोडण्याचा सराव पहिलीपासून देता येतो. तोच उतारा दहादा लिहायला लावणे तेवढे बंद करावे.

– एक विशेष शिक्षिका, सातारा