आशाताई, शौचाचा रंग विचारलात त्याबद्दल

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव, गाव आणि तुम्ही आमच्याकडे पाठवलेल्या आजीबाईंचं नाव या पत्रात मुद्दामच घेत नाही. तुम्हाला कळलं म्हणजे झालं. पत्र मात्र उघड लिहितोय, गावोगावच्या आशाताईंनी (गावातल्या आरोग्यसेविकांनी) वाचावं म्हणून. तुम्ही जे केलंत ते परभणी, हिंगोली, बीड, जालना, कुठल्याही गावातल्या आशाताईला करता येण्यासारखं आहे.

तुमच्या चिठ्ठीवर चारच गोष्टी होत्या: तीन आठवड्यांपासून डोळे पिवळे, पोट दुखत नाही, रात्री खाजेनं झोप नाही, शौच पांढरट. मोठमोठ्या फायलींत जे सापडत नाही ते त्या चार ओळींत होतं.

पावसाळ्यात आपल्याकडे कावीळ आली की ती बहुतेक वेळा पाण्यातून आलेली असते, हिपॅटायटिस ए नाहीतर ई. आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना जाते, मग डोळे पिवळे होतात आणि काही आठवड्यांत आपोआप उतार पडतो. कावीळ उतरवणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. माळ लांबते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, आणि जो बरा होणारच होता तो माळेनं बरा झाला असं गावभर होतं. पित्तनलिका अडली असेल तर माळ गुडघ्यापर्यंत आली तरी बिलिरुबिन (कावीळीचा पिवळा रंग) चढतच राहतं. मधे जातात ते महिने, आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरसारख्या आजारात महिने फार महाग पडतात.

यकृत दिवसाला साधारण ५०० ते १००० मिली पित्त तयार करतं. ते आतड्यात पोचतं म्हणून शौचाला रंग असतो. वाट अडली की तोच रंग रक्तात साठतो आणि लघवीतून बाहेर पडतो. म्हणून शौच मातकट पांढरं, लघवी गडद, आणि अंगभर खाज. उतारवय, न दुखणारी कावीळ, खाज, पांढरं शौच आणि घटतं वजन, हे एकत्र दिसलं की पित्तनलिका, पित्ताशय किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर नाही ना, हे सोनोग्राफी करून पाहायलाच हवं. खड्यानंही वाट अडते, पण तेव्हा सहसा दुखतं. फुटाणे, उसाचा रस आणि हळद-तेल बंद यांनी अडलेली नळी मोकळी होत नाही, उलट माणूस आणखी खंगतो.

दुसरे आभार जास्त मोठे. सोनोग्राफीत यकृतातल्या नळ्या फुगलेल्या दिसल्यावर कुणीतरी लगेच स्टेंट (अडलेली नलिका उघडी ठेवणारी आतली नळी) टाकून घ्यायला सांगितलं होतं, आणि आधी मोठ्या ठिकाणी दाखवू, असा हट्ट तुम्ही धरलात. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी ट्रायफेजिक सीटी (तीन टप्प्यांत काढलेला सीटी स्कॅन) आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), मग नळी. स्टेंट आत गेला की नलिकेची भिंत सुजते, फुगलेल्या नळ्या बसतात आणि गाठ कुठून कुठवर पसरली आहे ते स्कॅनवर नीट दिसेनासं होतं. ऑपरेशन होईल की नाही हे त्याच चित्रावर ठरतं. अपवाद एकच: थंडी वाजून ताप, बीपी उतरणं, भ्रमल्यासारखं बोलणं. म्हणजे अडलेल्या पित्तात जंतू झालेत. तेव्हा अँटिबायोटिक आणि पित्त बाहेर काढणं आधी, बाकी सगळं नंतर.

पित्तनलिकेतली कॅन्सरची गाठ कुठे आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. यकृताच्या आत, उजवी-डावी नलिका जिथे मिळतात त्या दुभाज्यावर, किंवा खाली आतड्याजवळ, अशा तीन जागा. दुभाज्यावरची सगळ्यात जास्त आढळते. डॉ. क्लात्स्किन यांनी १९६५ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून रिपोर्टवर त्यांचं नाव दिसतं. सोनोग्राफीतही खूण मिळते: गाठ खाली असेल तर पित्ताशय टम्म फुगलेलं, वर असेल तर आक्रसलेलं. नातेवाईक विचारतात, एक नळी टाकली तरी कावीळ का उतरत नाही? ठिबकच्या मुख्य पाइपातच गाळ बसला तर एका जागी मोकळं केलं की भागतं, पण फाटा फुटतो तिथेच गाळ असला तर प्रत्येक लॅटरल वेगळी मोकळी करावी लागते. दुभाज्यावरच्या गाठीचं तसंच आहे.

सीए १९-९ (कॅन्सरची शंका तपासायला करतात ती रक्ततपासणी) चा आकडा पाहून घरात रडारड होते, तेही सांगून टाकतो. नुसतं पित्त अडलं तरी तो शेकड्यांत जातो. कावीळ उतरल्यावर पुन्हा काढलेला आकडाच धरायचा. काही लोकांच्या रक्तात तो तयारच होत नाही, म्हणून नॉर्मल आला तरी सुटका झाली असं नाही. नलिकेतून ब्रशनं पेशी खरवडून केलेल्या तपासणीत कॅन्सर दिसला नाही तरी तेच. आणि उलटही घडतं: आयजीजी-४ या रक्तातल्या प्रथिनाशी निगडित आजार हुबेहूब असाच दिसतो आणि स्टिरॉइडनं उतरतो. म्हणून शंका असेल तिथे ती रक्ततपासणी करून घेतात. ऑपरेशनची शक्यता असलेल्या दुभाज्यावरच्या गाठीत बाहेरून सुई घालायचं मात्र टाळतात, सुईच्या वाटेनं पेशी पसरू शकतात.

आता नळी. पोटाला लावलेली पीटीबीडीची नळी (कातडीतून यकृतात घालून पित्त बाहेर काढणारी) आणि तिला जोडलेली युरोबॅग, म्हणजे पित्त साठवायची पिशवी, तुम्ही घरी सांभाळलीत, ते काम आमच्या कामापेक्षा सोपं नव्हतं. पिशवी कायम कंबरेच्या खाली, झोपतानाही. रोज ठरल्या वेळी पित्त मोजून वहीत लिहायचं. सगळं पित्त बाहेर येत असेल तर त्याबरोबर पाणी आणि मीठही जातं. वैशाखात पारा ४२ वर गेल्यावर आणि पिशवीत रोज लिटरभर येत असताना ओआरएस नसेल तर किडनी आधी बसते. सलाईन सिस्टरनं शिकवल्याप्रमाणेच मारायचं: १० मिली निर्जंतुक सलाईन, हळूहळू आत. सिरिंजनं परत ओढायचं नाही. नळीचं टोक आतड्यात असेल तर तिथली घाण पित्तनलिकेत खेचली जाते. पिशवी अचानक कोरडी आणि डोळे पुन्हा पिवळे, नळीच्या कडेनं ड्रेसिंग भिजणं, ताप, पिशवीत रक्त, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी यायचं. नळी निसटली तर त्याच तासाला निघायचं, वाट लवकर बुजते. काही झालं नाही तरी साधारण तीन महिन्यांनी नळी बदलावी लागते. प्लॅस्टिकचा स्टेंटही तेवढाच टिकतो. वहीत तुम्ही पित्ताचा रंगही लिहीत होतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण उपयोग झाला.

पित्त आतड्यात नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून सुई घालण्याआधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन.

ऑपरेशन जमलं तर पूर्ण बरं होण्याची खरी संधी त्यातच. खालच्या गाठीला व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि त्याला लागून असलेलं आतडं व नलिका काढण्याचं ऑपरेशन. दुभाज्यावरच्या गाठीला यकृताचा मोठा भाग आणि नलिका काढून आतडं जोडतात. उरणारं यकृत कमी पडणार असेल तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करून दुसरी बाजू वाढेपर्यंत काही आठवडे थांबतात. डॉक्टर चालढकल करतात असं लोक म्हणतात ते याच वेळी. ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिन ही केमोथेरपीची गोळी सहा महिने: १४ दिवस गोळ्या, ७ दिवस सुट्टी, असे ८ फेरे. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले किंवा जुलाब सुरू झाले की गोळी थांबवून आधी फोन. रेटून पूर्ण करण्याचं हे औषध नाही.

ऑपरेशन शक्य नसेल तर जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही शिरेतून देण्याची केमोथेरपी, २१ दिवसांच्या फेऱ्यात पहिल्या आणि आठव्या दिवशी. २०१० सालच्या अभ्यासात नुसत्या जेमसिटाबिनवर निम्मे रुग्ण ८.१ महिन्यांहून जास्त जगले, दोन्ही मिळून ११.७ महिन्यांहून. आता त्यात ड्युर्व्हॅलुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणारं औषध) जोडतात, पण फायदा बेताचा आणि खर्च मोठा. कर्ज काढण्याआधी हे आकडे घरच्यांना सांगायलाच हवेत.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर मंजुरी अडते. ते तुम्ही तहसीलला जाऊन आधीच दुरुस्त करून आणलंत, आमच्या आरोग्यमित्रानं (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) तुमचं नाव त्यासाठीच लक्षात ठेवलंय. मुंबईला जायची वेळ आली तर देवगिरी एक्सप्रेसला स्लीपर किंवा थर्ड एसीत कॅन्सर रुग्णाला तिकिटात १०० टक्के आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाचा विहित नमुन्यातला दाखला लागतो, तो सुट्टी होतानाच मागून घ्यायचा.

एक काम अजून तुमच्याच गळ्यात घालतोय. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक घरी नेला असेल तर तो उन्हात किंवा चुलीजवळच्या फडताळात ठेवू नये, डब्यात घालून सावलीच्या जागी ठेवायला सांगा. एफजीएफआर-२, आयडीएच-१, हर-२ या गाठीतल्या जनुकांच्या व प्रथिनांच्या तपासण्या त्यावरच होतात आणि पुढची औषधं त्यावर ठरतात. पुढच्या खेपेला वहीबरोबर तोही पाठवा.

आपले,
यकृत-पित्तनलिका उपचार पथकातले आम्ही सगळे
छत्रपती संभाजीनगर