‘काठी वाकू दे’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचा नंबर मी कधी घेतला नाही, नाव विचारायचंही राहून गेलं, आपण भेटायचो काठावर आणि बोलायचो ते फक्त माशांबद्दल, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्यापर्यंत पोचलं तर फार बरं वाटेल, नाही पोचलं तरी बास फिशिंग (बास या गोड्या पाण्यातल्या माशाला काठी-गळाने पकडणं) नव्याने सुरू केलेल्या कुणाच्या तरी हाती लागेल आणि तुम्ही मला जे दिलंत ते पुढे जाईल.

त्या सकाळी मी आणि माझा मुलगा उभे होतो ते तुम्हाला आठवत असेल. ओळीने चार बास सुटले होते. मासा लागायचा, काठी थरथरायची, मुलगा ओरडायचा, आणि मग मासा काठाजवळ येऊन पाण्याबाहेर उडी मारायचा, डोकं झटकायचा, की लाईन एकदम सैल. चौथा गेला तेव्हा मुलाच्या डोळ्यात पाणी होतं आणि मला वाटत होतं की आपला हिसका कमी पडतोय, अजून कडक रॉड घ्यायला हवा. माझ्या हातात तेव्हा साडेसात फुटी हेवी, एक्स्ट्रा फास्ट रॉड होता, त्यावर ८:१ चा बेटकास्टर, म्हणजे आडव्या फिरत्या स्पूलचा (लाईन गुंडाळायच्या रिळाचा) रील, त्यावर ५० पाउंडांचा ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन. बास ताकदवान मासा आहे असं सगळीकडे वाचलं होतं ना, म्हणून सगळंच ताकदीचं घेतलेलं. आणि टाकत काय होते, तर पाव औंसाचा, म्हणजे जेमतेम ७ ग्रॅमचा क्रँकबेट, ओढला की डुलत बुडणारा खोटा मासा (लूअर).

तुम्ही जवळ आलात आणि रॉड कुठल्या कंपनीचा हे विचारलंच नाहीत. तुम्ही विचारलंत, "लूअरला हुक कोणता आहे?" मी म्हटलं तीन काट्यांचा, ट्रेबल. तुम्ही म्हणालात, "मग काठी वाकू दे की."

ते पाच शब्द मला कळायला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास तुम्ही स्वतःचं फिशिंग सोडून आम्हाला दिलात. त्याबद्दल आधी थँक्यू म्हणायचंय, बाकीचं नंतर.

तुम्ही समजावलंत ते मी जवळजवळ जसंच्या तसं लिहिते, कारण हे मला आधी कुणी असं सांगितलंच नव्हतं. बास लूअरला दाताने चावत नाही, तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट लूअर आत ओढून घेतो. आता जराही न ताणली जाणारी ब्रेड आणि न वाकणारा रॉड असेल तर त्या क्षणी लूअर आत जायला ढिलाईच मिळत नाही, हुक तोंडाच्या कडेला कुठेतरी वरवर अडकतो. ट्रेबलचे काटे बारीक असतात, ते पातळ कातडीत थोडेसेच रुततात. मग मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा तो झटका जिरवायला मध्ये काहीच नसतं, ना लाईन ताणते ना काठी वाकते, आणि छिद्र मोठं होऊन हुक सुटतो. मी जितका जोरात हिसका देत होते तितकं ते छिद्र मीच मोठं करत होते! म्हणजे औषध माझ्या विचाराच्या अगदी उलट होतं, कडक रॉड नाही, मऊ रॉड.

मग तुम्ही तुमचा रॉड माझ्या हातात दिलात, ७ फुटी मीडियम, मॉडरेट ॲक्शनचा, १० पाउंडाची फ्लोरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी एकसंध लाईन) आणि सावकाश ओढणारा ५:१ चा रील. पॉवर आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे कळलं, तोवर मी दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत होते. पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो ते, आणि ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकते ते. फास्ट असेल तर फक्त शेंडा वाकतो, मॉडरेट असेल तर वाक अर्ध्या काठीपर्यंत उतरतो. तुम्ही शेंडा बोटात धरून ओढून दाखवलात तेव्हा मुलगा म्हणाला धनुष्यासारखं झालं, आणि तुम्ही म्हणालात बरोबर, धनुष्य सतत ओढत राहतं म्हणून मासा सैल पडत नाही.

"लागला की हिसका देऊ नकोस, नुसती काठी बाजूला घे आणि फिरवत रहा." तुमचं हे वाक्य मी आजही प्रत्येक वेळी मनात म्हणते. त्या दिवशी पाचवा मासा लागला, उडी मारली त्याने, डोकं झटकलं, काठी वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली, आणि मासा काठावर आला. मुलाने हात ओले करून खालचा जबडा धरला, दुसरा हात पोटाखाली, तुम्ही शिकवलंत तसा. तो लार्जमाउथ (बासचाच एक प्रकार) फार मोठा नव्हता, पण त्याचा फोटो घरातल्या भिंतीवर आहे.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की माझा रॉड चुकीचा आहे असं तुम्ही म्हणाला नाहीत, चुकीच्या कामाला लावलाय म्हणालात. हँडलच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते मला पहिल्यांदा तुम्ही वाचायला लावलंत, त्यावर लूअरचं वजन अर्धा ते २ औंस होतं. म्हणजे मी टाकत होते तो लूअर त्या काठीच्या हिशोबात बसतच नव्हता, काठी वाकत नव्हती म्हणून लूअर लांब जात नव्हता, लांब जावा म्हणून मी अजून जोर लावायचे आणि मग रीलवर गुंता. एवढे दिवस मी त्या गुंत्याचा दोष रीलला देत होते. खरं कारण तुम्ही सांगितलंत, लूअर लाईन जितक्या वेगाने नेतो त्यापेक्षा स्पूल वेगाने फिरला की गुंता होणारच. मग लूअर शेंड्याला लटकवून बटण दाबायचं, लूअर सावकाश खाली उतरला पाहिजे आणि जमिनीला टेकला की स्पूल थांबला पाहिजे, तोपर्यंत बाजूची खुंटी आवळायची. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवायचे आणि सवय झाली की कमी करत जायचे. आणि अंगठा! अंगठा स्पूलवर हलका ठेवायचा, लूअर पाण्याला टेकायच्या आत दाबायचा. दहा मिनिटांत माझा महिनाभराचा वैताग संपला.

तोच हेवी रॉड आणि तीच ब्रेड घेऊन आम्ही नंतर दाट पाणवनस्पतींवर फ्रॉग (बेडकाच्या आकाराचा तरंगणारा लूअर) टाकला तेव्हा मला त्या काठीची किंमत कळली. फ्रॉगला वरच्या बाजूला वळलेला जाड दुहेरी हुक असतो, मासा वनस्पतीच्या थरातून उसळून वर येतो आणि लगेच खाली दडी मारायला बघतो, तिथे मऊ काठी चालतच नाही, तिथे त्याला गवतासकट उपसून काढावं लागतं. आणि तिथे माझा ८:१ चा रीलही कामाला आला कारण हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल आठ वेळा फिरतो, सैल लाईन चटकन गोळा होते. तोच रील खोल जाणाऱ्या क्रँकबेटला लावला की मनगट भरून यायचं आणि लूअर उगाच धावत सुटायचा. फक्त आकड्यावर जाऊ नकोस, स्पूल लहान की मोठा त्यावरही एका फेऱ्यात किती इंच लाईन येते ते ठरतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

माझ्या मुलासाठी तुम्ही जे केलंत त्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. अकरा वर्षांच्या पोराच्या हाती मी बेटकास्टर देणार होते, तुम्ही थांबवलंत. त्याला साडेसहा फुटी मीडियम स्पिनिंग रॉड आणि २५०० साइजचा रील घ्यायला सांगितलात, त्यावर १० पाउंडाची ब्रेड आणि पुढे ८ पाउंडाच्या फ्लोरोकार्बनचा तुकडा. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली तर ती आख्खी घसरत फिरते म्हणून खाली आधी थोडी मोनो (साधी नायलॉनची लाईन) गुंडाळायची, आणि स्पूल काठोकाठ भरायचा नाही, कडेपासून ३ मिलिमीटर कमी. कास्ट (लूअर फेकून) झाल्यावर बेल (स्पूलवरची तारेची कडी) हाताने बंद करायची, हँडल फिरवून नाही, म्हणजे लाईनला पीळ कमी पडतो. या सगळ्या गोष्टी त्याने वहीत लिहून ठेवल्यात, चित्रांसकट.

त्याला लूअर तुम्ही एकच दिलात, पाच इंची काठीसारखा प्लॅस्टिकचा वर्म, बरोब्बर मध्यात हुक टोचून. तो म्हणाला हा तर काहीच करत नाही, आणि तुम्ही म्हणालात तेच त्याचं काम आहे, टाक आणि बुडू दे, दोन्ही टोकं थरथरत तो आपोआप खाली जाईल, तू फक्त लाईनकडे बघ, ती बाजूला सरकली की मासा आहे. त्या पोराने त्या उन्हाळ्यात माझ्यापेक्षा जास्त मासे धरले. माझ्या डब्यात तेव्हा चाळीस लूअर होते, तुम्ही त्यातून तीन बाजूला काढलेत आणि म्हणालात हे तीन नीट कळेपर्यंत बाकीचा डबा गाडीत ठेव. पाणी स्वच्छ असेल तर हिरवट तपकिरी रंग, गढूळ असेल तर काळा निळा, नाहीतर पाण्याला जोरात हलवणारा गोल पात्याचा स्पिनरबेट, कारण गढूळ पाण्यात बासला दिसतं कमी पण त्याच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली थरथर जाणवते. रंगाबद्दल एवढंच, यापलीकडे डोकं लावू नकोस म्हणालात, आणि माझा अनुभवही आता तोच आहे, रंग बदलण्यापेक्षा खोली आणि वेग बदलला की जास्त फरक पडतो.

एक गोष्ट मुलगा अजून सगळ्यांना सांगत असतो, ती लाउरी रापालाची. फिनलंडमधला हा मासेमार, त्याने बघितलं की मोठे मासे छोट्या माशांच्या थव्यातला नेमका तो एक, जरा वेडावाकडा पोहणारा मासा टिपतात, मग त्याने १९३६ साली बुचाचं लाकूड कोरून तशीच डुलणारी मासळी केली, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा लेप दिला. ही गोष्ट तुम्ही माझ्या रीलचा गुंता सोडवता सोडवता सांगत होतात. तेव्हापासून मुलगा लूअर बघताना त्याचा रंग बघत नाही, पाण्यात ओढून तो कसा डुलतो ते बघतो.

आणि जगातला सगळ्यात मोठा बास किती असं त्याने विचारलं तेव्हाही तुम्ही नुसता आकडा सांगून थांबला नाहीत. १९३२ साली जॉर्ज पेरीने जॉर्जियात २२ पाउंड ४ औंसाचा धरला आणि २००९ साली मनाबू कुरिताने जपानच्या बिवा सरोवरात २२ पाउंड ५ औंसाचा, एक औंस जास्त असूनही विक्रम मोडला असं धरलं नाही, बरोबरी धरली, कारण नियमाने निदान दोन औंस जास्त लागतात. मुलाला हे फार अन्यायाचं वाटलं, गाडीत घरी जाईपर्यंत तोच विषय. पण त्यानंतर तो प्रत्येक मासा नीट तोलतो, लिहितो आणि सोडतो. पाणी १५-२० अंशांच्या आसपास असताना नर घरट्यावर राखण करत बसतो, त्याला उचलून लांब नेलं तर दुसरे मासे अंडी खाऊन टाकतात, हे तुम्ही सांगितल्यापासून त्या दिवसांत आम्ही घरट्यांच्या बाजूला कास्टच करत नाही.

काका, तुम्हाला सोपं होतं, हा रॉड घे, तो रील घे, म्हणून मोकळं व्हायचं. मी तसं घेतलंही असतं. पण तुम्ही मला हुकापासून मागे मागे यायला शिकवलंत, आधी पाणी कसं आहे, मग त्यात कोणता लूअर, त्याला हुक कोणता आणि वजन किती, मग लाईन, मग काठी, आणि रील सगळ्यात शेवटी. त्यानंतर मी स्वतःसाठी एकच नवीन रॉड घेतला, ७ फुटी मीडियम हेवी, फास्ट, टेक्सास रिगसाठी (हुकाचं टोक प्लॅस्टिकच्या वर्ममध्ये लपवायची पद्धत), कारण तिथे एकच जाड हुक आधी प्लॅस्टिकमधून आणि मग जबड्यातून आरपार जायला हवा असतो. दुकानात उभं राहून हे कारण मी स्वतःचं स्वतः शोधलं तेव्हा तुमची खूप आठवण आली, तिथून बाहेर येऊन मी आधी मुलाला फोन केला.

तुमचा तो रुंद ओठाचा क्रँकबेट अजून माझ्याकडे आहे, शेवटच्या भेटीत घाईत परत द्यायचा राहिला. त्याचे हुक बोथट झाले होते, नखावर घासले की घसरायचे, म्हणून दोन्ही बदललेत, त्याच साइजचे घातलेत म्हणजे डुलणं बिघडणार नाही, मुलाने टबमध्ये ओढून तपासलंय. दर रविवारी उजाडताना आम्ही त्याच मोडक्या झाडाजवळ असतो, मुलाच्या डब्यात वरच्या कप्प्यात तो ठेवलाय. या.